आमची वाटचाल : कोळशाच्या आकड्यांमागून चालताना

फर्म सुरू केली तेव्हा आम्ही दोघं होतो, आज पाच जण आहोत. काम मात्र तेच: विकसनशील देशांत लाकडी कोळशातून किती ऊर्जा तयार होते आणि वर्षागणिक ती कशी बदलत गेली, याची तुलना करून देणं. चुली बनवणारे उद्योग, वनीकरणाचे प्रकल्प आणि संशोधक हे आमचे ग्राहक.

सुरुवातीला हे सोपं वाटलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेकडे, म्हणजे एफएओकडे, १९६१पासूनचे देशवार आकडे आहेत. एक टन कोळशाला २९.५ गिगाज्यूल (ऊर्जेचं एकक) धरले की झाली ऊर्जा. पण पहिल्याच मोठ्या कामात आमच्याकडून गंभीर चूक झाली. आम्ही जळाऊ लाकूड आणि कोळसा यांची सरळ बेरीज केली. जळाऊ लाकडाच्या त्या आकड्यात कोळशासाठी भट्टीत गेलेलं लाकूड आधीच धरलेलं असतं, त्यामुळे तेच लाकूड दोनदा मोजलं गेलं. अहवाल ग्राहकाच्या हातात पडल्यावर हे लक्षात आलं. आम्हीच फोन करून सांगितलं आणि सगळी कोष्टकं नव्याने केली. ते काम घाट्यात गेलं, पण तो ग्राहक अजून आमच्याकडे आहे.

खरं शिक्षण आलेखांनी दिलं. ब्राझीलची रेघ वर-खाली होते, कारण तिथला बहुतेक कोळसा कच्चं लोखंड बनवणाऱ्या भट्ट्यांना जातो. लोखंडाची मागणी घसरली की कोळसाही घसरतो. शिवाय तिथली सांख्यिकी संस्था नैसर्गिक जंगलातला कोळसा आणि निलगिरीच्या लागवडीतला कोळसा वेगळा नोंदवते. त्यामुळे जंगलाचा वाटा कमी होत लागवडीचा कसा वाढला, तेही दिसतं. याउलट आफ्रिकेतल्या अनेक देशांच्या रेघा पट्टीने ओढल्यासारख्या चढत जातात. आम्हाला आधी तो स्थिर विकास वाटला. मग कळलं, तिथे मोजणी नाही, अंदाज आहे. लोकसंख्या आणि दरडोई वापर यांवरून बांधलेला. रेघ फार गुळगुळीत दिसली की आता आम्ही आधी तिचा उगम शोधतो.

आणि याच भागाचं वजन सगळ्यात जास्त! २०१५मध्ये जगात सुमारे ५.२ कोटी टन लाकडी कोळसा झाला असा एफएओचा अंदाज आहे, त्यातला जवळपास ६२ टक्के आफ्रिकेतला.

मोजणी अवघड का, ते पोत्यापाशी उभं राहिलं की समजतं. पूर्व आफ्रिकेत पोतं तोंडापर्यंत भरून थांबत नाहीत. वर कोळशाचा ढीग रचून त्यावर काड्या-गवत लावतात आणि सुतळीने जाळी विणतात. पाहणीत नोंद होते ‘एक पोतं’. आम्ही एकाच मापाची पोती वेगवेगळ्या लाकडाच्या कोळशाने भरून तोलली. जड लाकडाचा कोळसा हातात खणखणीत वाजतो, हलक्याचा भुगा होतो, आणि काट्यावरचा फरक डोळ्यांत भरण्याइतका असतो.

भट्टीचंही तसंच. मातीने झाकलेल्या साध्या भट्टीत लाकडाच्या वजनाच्या १० ते २० टक्केच कोळसा हाती येतो. सुधारित भट्टीत २५ टक्क्यांच्या पुढे जाता येतं. म्हणजे दोन देशांचा कोळसा सारखा असला तरी तोडलेलं लाकूड दुप्पट असू शकतं. सगळीकडे एक टन कोळशाला सरसकट ६ घनमीटर लाकूड लावणं आम्ही सोडून दिलं.

बंदीचे काळ आम्ही स्वतंत्र रंगात दाखवतो. सोमालियाच्या कोळसा निर्यातीवर सुरक्षा परिषदेने २०१२मध्ये बंदी घातली. त्यानंतरही जहाजं भरून माल जात राहिल्याचं संयुक्त राष्ट्रांच्याच निरीक्षकांनी नोंदवलं आहे. नोंद थांबली म्हणून भट्टी विझली असं आम्ही धरत नाही.

आज आमच्या प्रत्येक आलेखात मोजलेल्या आकड्याला भरीव ठिपका असतो आणि अंदाजाला पोकळ. काही ग्राहकांना पोकळ ठिपके खटकतात, ते काढून टाका म्हणतात. आम्ही काढत नाही. सध्या जुन्या कोष्टकांवरून हात फिरवतोय. १९८०च्या आधीची बरीच पानं अजून बाकी आहेत.