नोगुची चालतो, कितासातो नाही

तोक्योत आठ दिवस होतो, पोटभर आणि चांगलं खाल्लं. पण डोक्यात राहिलंय ते उएनो स्टेशनजवळच्या गल्लीतलं नऊ खुर्च्यांचं रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं दुकान. खरं तर त्याच्या दारातलं मशीन.

अशा दुकानांत ऑर्डर घ्यायला कुणी येत नाही. मशीनमध्ये पैसे टाकायचे, बटण दाबायचं, कुपन निघतं, ते काउंटरवर ठेवायचं. बटणांवर सगळं जपानीत. त्याची तयारी मी करून गेलो होतो: काही कळेना तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण, बहुतेक ठिकाणी दुकानाची खासियत तिथेच असते. पावसात पंचवीस मिनिटं रांगेत उभा राहिलो, तेही मजेत.

मशीनने माझी हजार येनची नोट परत केली. उलटी घातली, परत. शर्टावर घासून सरळ केली, परत. मागची रांग काही बोलत नव्हती, आणि त्या शांततेनेच मला जास्त घाम फुटला. शेवटी आतला पोरगा आला, नोट बघितली आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली.

३ जुलै २०२४ ला जपानने नव्या नोटा काढल्या. हजारच्या जुन्या नोटेवर नोगुची हिदेयो, नव्यावर कितासातो शिबासाबुरो. दोघेही जंतुशास्त्रज्ञ, पण या मशीनला एकच पसंत. मशीन बदलायचं म्हणजे छोट्या दुकानाला मोठाच खर्च, त्यामुळे बऱ्याच जणांनी ते तसंच ठेवलंय. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त चरफडत होतो.

कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन एक ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा घेतला, केवळ सुट्ट्यासाठी. पाचशेचं चकचकीत दुरंगी नाणं आणि थोडी चिल्लर मिळाली. पुन्हा रांग, पुन्हा वीस मिनिटं. मशीनने पाचशेचं नाणंही खळकन खाली टाकलं! ते २०२१ चं नवं नाणं, तेही त्याच्या ओळखीचं नाही.

पोरगा परत आला. या वेळी त्याने एप्रनच्या खिशातून शंभराची दहा नाणी काढली, माझ्या हातावर मोजली आणि माझ्याकडच्या दुसऱ्या नोटेवरच्या कितासातोंना खिशात घातलं. अरे बाबा, हे पहिल्याच खेपेला करायला काय झालं होतं? मग लक्षात आलं, मी मागितलंच नव्हतं. ‘र्योगाए’ हा शब्द पाठ करून जा. सुटे करून द्या, एवढाच अर्थ.

रामेन ९५० येन. सोया सॉसचा तपकिरी रस्सा, डुकराच्या मांसाचे दोन पातळ काप, मऊ पिवळ्या बलकाचं अंडं. पहिल्या घोटाला चीड अर्धी उतरली. भुरके मारायला कुणाची हरकत नाही, उलट सगळेच मारत होते. दहा मिनिटांत वाडगा रिकामा करून उठलो, कारण बाहेरची रांग दिसत होती. टिप ठेवू नका, ती पद्धतच नाही. आणि शाकाहारी असाल तर वर भाज्या दिसल्या म्हणून फसू नका, रस्सा बहुतेक हाडांचा किंवा माशाचा असतो. हे आधीच सांगायला हवं होतं.

अजून एक. जुन्या मशीनमधून उरलेले पैसे आपोआप पडत नाहीत, बाजूचा खटका फिरवावा लागतो. हे मला स्टेशनच्या गेटपाशी आठवलं. ५० येन गेले.