तुम्ही विचारलंत म्हणून: कॅम्पिंगला जाताना बंदूक जवळ ठेवता येते का?

अटलांटाच्या उत्तरेकडे, कमिंग-जॉन्स क्रीकच्या पट्ट्यात राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींच्या कॅम्पिंगचं नियोजन बरीच वर्षं माझ्याकडे आहे. जागा कधी बुक करायची, थालीपिठाच्या तव्याला कोणती शेगडी पुरेल, रात्री थंडी किती पडेल हे प्रश्न ठरलेले. ते संपले की कुणीतरी बाजूला घेऊन, आवाज उतरवून विचारतं, "ताई, तंबूत पिस्तूल ठेवलं तर चालतं का?" विचारणारा बहुधा नुकतं ग्रीन कार्ड हाती आलेला, लहान मुलांचा बाप असतो. सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या काकू हेच दुसऱ्या बाजूनं विचारतात, "अगं, तिकडे अस्वलं असतात म्हणे. मग बरोबर कुणाकडे बंदूक नको का?"

उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: तुम्ही उभे आहात ती जमीन कोणत्या खात्याची, आणि तुमच्याकडची इमिग्रेशनची कागदपत्रं कोणती. जंगल किती घनदाट आहे याच्याशी कायद्याला घेणं-देणं नाही.

आधी जमीन. आपण पिकनिकला जातो तो लेक लेनियर म्हणजे ब्युफर्ड धरणाचा जलाशय. त्याचं पाणी आणि काठ आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, म्हणजे सैन्यदलाच्या अभियंता खात्याच्या (पुढे नुसतं 'कोअर') ताब्यात आहे. धरणाच्या पायथ्याकडून नदीकाठानं थोडं खाली गेलात की चॅटाहूची नदीचं राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र सुरू होतं आणि ते थेट अटलांटापर्यंत ४८ मैल जातं. ते नॅशनल पार्क सर्व्हिसचं. नदी तीच, पाणी तेच, धरणाच्या तळातून सोडलेलं, भर उन्हाळ्यातही पाय बधिर करणारं. दोन्ही जमिनी फेडरल सरकारच्याच. पण बंदुकीचा नियम मात्र या थोड्याशा अंतरात उलटा होतो.

कोअरच्या नियमावलीतलं कलम ३२७.१३ अनेक दशकं असं सांगत आलंय: भरलेली बंदूक, काडतुसं, धनुष्यबाण किंवा इतर शस्त्र कोअरच्या आवारात बाळगता येणार नाही. अपवाद मोजके. पोलीस अधिकारी, परवानगी असलेली शिकार किंवा मासेमारी (तीही जाता-येता हत्यार रिकामं ठेवून), अधिकृत नेमबाजीचं मैदान, किंवा जिल्हा कमांडरची लेखी परवानगी. राज्याचा परवाना खिशात असणं या यादीत नाही. त्याच कलमात पुढे फटाकेही येतात, तेव्हा तळ्याकाठी दिवाळी करण्याचा बेत आखणाऱ्यांनी तेवढं वाचून ठेवावं. नियम मोडला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

नॅशनल पार्कमध्येही पूर्वी कडक बंधनं होती. रेगन यांच्या काळापासून बंदूक रिकामी करून, सहज हाती लागणार नाही अशी ठेवावी लागे. २००९ च्या मे महिन्यात ओबामांनी क्रेडिट कार्ड कंपन्यांना वेसण घालणारा कायदा केला. त्यात सिनेटर टॉम कोबर्न यांनी जोडलेलं एक कलम होतं, ज्याचा क्रेडिट कार्डांशी काहीही संबंध नव्हता. त्या कलमामुळे २२ फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत आणि वन्यजीव आश्रयस्थानांत त्या त्या राज्याचा कायदा लागू झाला. राज्यात जे चालतं ते उद्यानात चालतं. पण उद्यानं आणि आश्रयस्थानं सांभाळणारी ही दोन्ही खाती अंतर्गत मंत्रालयाची (डिपार्टमेंट ऑफ द इंटीरियर). कलमात नावं त्यांचीच होती. कोअर पडली सैन्यदलाच्या खात्यात, म्हणून ती बाहेर राहिली. धरणाच्या वर एक आणि खाली दुसरा नियम कसा, याचं उत्तर एवढंच. सुरक्षेचा कुणी खोल विचार करून ही रेघ आखलेली नाही.

यावर लोक कोर्टात गेले. आयडाहोत कोअरच्या जमिनीवर कॅम्पिंग करणाऱ्या दोघांनी दावा लावला, आणि २०१४ मध्ये न्यायाधीश लिन विनमिल यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मुक्कामाचा तंबू काही प्रमाणात घरासारखाच आहे, तिथे स्वसंरक्षणाचा हक्क पार पुसून टाकता येत नाही, असं ते म्हणाले. पण तो आदेश आयडाहोपुरता. आमच्या जॉर्जियात ॲलाटूना तलावावरून असाच दावा झाला, तिथे फिर्यादींना नियम रोखणारा मनाईहुकूम मिळाला नाही आणि २०१५ मध्ये अकराव्या सर्किटच्या, म्हणजे जॉर्जिया ज्याच्या कक्षेत येतं त्या फेडरल अपील कोर्टानं ते कायम ठेवलं. कोअरचं म्हणणं असं की आमची धरणं म्हणजे महत्त्वाच्या पायाभूत सुविधा, आणि आमचे रेंजर स्वतः निःशस्त्र असतात. हे दुसरं खरंच आहे. ते दंडाची पावती फाडू शकतात, कमरेला पिस्तूल मात्र नसतं.

मला यातलं दोन्हीकडचं पटतं, आणि मी ते लपवत नाही. एकटी बाई आडरानात तंबू ठोकून राहते, पोलीस यायला तास लागतो, तेव्हा तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दुसरीकडे, शनिवारी रात्री लेनियरच्या काठावर शेकडो कुटुंबं, बिअरचे कूलर आणि कापडाच्या भिंती असतात. त्या गर्दीत भरलेली पिस्तुलं नकोत, असं आई म्हणून मला ठामपणे वाटतं. ज्याचा मला राग येतो ते वेगळंच आहे: सामान्य माणसाला हे सगळं कळावं कसं, याची फिकीर कुणीच करत नाही.

म्हणून मी सगळ्यांना पाटीवरचं चिन्ह बघायला शिकवते. तीन बुरुजांचा लाल किल्ला दिसला की कोअर. बाणाच्या टोकाच्या आकारात गवा, झाड आणि डोंगर असला की नॅशनल पार्क सर्व्हिस. ढालीवर पाइनचं झाड असलं की फॉरेस्ट सर्व्हिस. आपण ब्लड माउंटनला जातो ते या शेवटच्या खात्याचं. तिथे बाळगण्याचा नियम मुख्यतः राज्याचा, पण गोळी झाडण्यावर फेडरल बंधन आहे: घर, कॅम्पची जागा किंवा वर्दळीचं ठिकाण यांपासून १५० यार्डांच्या आत नाही, रस्त्यावरून नाही, गुहेत नाही. नॅशनल पार्कमध्येही बाळगण्याची मुभा म्हणजे झाडण्याची मुभा नव्हे. आणि पार्कच्या व्हिजिटर सेंटरमध्ये किंवा रेंजरच्या कचेरीत पाय ठेवलात की फेडरल इमारतींचा वेगळा कायदा लागतो. तिथे बंदूक चालत नाही, दारावर तशी पाटी असते. ग्रेट स्मोकी माउंटन्सला गेलात तर आणखी एक भानगड आहे: उद्यान एक, पण डोंगराच्या धारेवरून टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाची हद्द जाते. न्यूफाउंड गॅपला गाडी लावून फोटो काढता काढता तुम्ही दुसऱ्या राज्याच्या कायद्याखाली गेलेले असता.

आता कागदपत्रांकडे येते, कारण माझा जीव खरा तिथे अडकलेला आहे.

एच-वन-बी, एल-वन, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूकच काय, काडतूसही ताब्यात ठेवायला फेडरल कायद्यानं बंदी आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत. जॉर्जियानं २०२२ मध्ये पात्र माणसांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगायची मुभा दिली, त्यामुळे "इथे आता काही लागत नाही" असं ऑफिसात ऐकू येतं. ते आपल्यातल्या निम्म्या लोकांना लागू नाही. कायदा मालकी बघत नाही, ताबा बघतो. मित्राचं पिस्तूल कॅम्पवर "बघू जरा" म्हणून हातात घेणं धोक्याचं आहे. संयुक्त अरब अमिरातीहून आलेला रेहैफ नावाचा विद्यार्थी, कॉलेजातून काढल्यामुळे त्याचा इमिग्रेशनचा दर्जा गेला होता. फ्लोरिडात तो नेमबाजीच्या मैदानावर गेला, गोळ्या झाडल्या आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली, कारण आपला दर्जा काय आहे हे त्याला माहीत होतं, असं सरकारनं सिद्ध करायला हवं होतं. आपल्याला त्याचा काय उपयोग? आपला व्हिसा कोणता हे आपल्या घरातल्या प्राथमिक शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. शिकारीचा वैध परवाना असलेल्यांना कायद्यात अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर काही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला फी देऊन विचारा, व्हॉट्सॲपवर नको.

ग्रीन कार्डवाल्यांना फेडरल कायदा बंदूक बाळगू देतो. पण शस्त्र बेकायदा बाळगल्याबद्दल नागरिक नसलेला माणूस दोषी ठरला तर त्याला देशाबाहेर काढण्याची तरतूद इमिग्रेशन कायद्यात आहे, आणि तिथे "कोणत्याही कायद्याखाली" असे शब्द आहेत. लेनियरवरचा गुन्हा अमेरिकन नागरिकाला दंड भरून विसरता येईल. तुमच्यासाठी तोच कागद वर्षानुवर्षं उभारलेल्या संसारावर येऊ शकतो. "छोटासा दंडच ना, भरून टाकतो" असं म्हणून वकिलाशिवाय गुन्हा कबूल करू नका, हे मी हात जोडून सांगते.

काकूंना मी ताडोबाचं उदाहरण देते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शस्त्र न्यायला मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि ती नाही म्हणून सफारीला जाताना कुणाला उघडंबोडकं वाटत नाही. इथल्या काळ्या अस्वलाला तुमच्यात रस नसतो, तुमच्या चिवड्यात असतो. वसंतात ब्लड माउंटनच्या परिसरात मुक्काम करायचा तर अन्नासाठी अस्वलाला न उघडणारा डबा फॉरेस्ट सर्व्हिसनंच सक्तीचा केलाय. तंबूत खाऊ न ठेवणं हाच तिथला खरा बंदोबस्त.

कोअरचा नियम राज्यांच्या कायद्याशी जुळवून घेण्याचा प्रस्ताव २०२० मध्ये मांडला गेला होता, आणि हा विषय पुन्हा पुन्हा वर येतो. त्यामुळे मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. निघायच्या आठवड्यात त्या तलावाच्या किंवा उद्यानाच्या कार्यालयात फोन करा आणि तुमच्या कॅम्पची जागा नावानिशी सांगून विचारा. आमच्या मंडळाच्या कॅम्पला मात्र बंदूक आणायची नाही, कुणाकडे कोणतंही कार्ड असो. नोंदणीच्या फॉर्मवर ते पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे.