२४३ परंडा मतदारसंघ : वही तिसरी, दिवाळी ते संक्रांत

नमस्कार मंडळी, आपल्या भागातली जुनी देवळं, दर्गे, किल्ले, वीरगळ (लढताना मेलेल्या वीरांचे कोरीव दगड) गावोगाव फिरून मी वहीत नोंदवतो, त्याची लय दिवसांनी अपडेट टाकतोय. पावसाळ्यात काहीच झालं नाही, काळ्या रानात गाडी घालायची सोय नसते आणि शेवाळाखाली दगड वाचता येत नाही, म्हणून दिवाळीची वाट बघत बसलो होतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत अकरा फेऱ्या झाल्या, सगळ्या रविवारच्या, एक सोडून. आता एकूण ६१ गावं-वस्त्या वहीत आल्यात.

नवीन मंडळींसाठी एकदा सांगतो, हद्द मतदारसंघाची का धरली. आधी मी तालुका धरून फिरायचो तर जुन्या गॅझेटियरमधली नाहीतर पुस्तकातली ठळक ठिकाणं तेवढी बघून व्हायची आणि वही बंद. निवडणुकीच्या वेळी गावच्या शाळेत भिंतीवर मतदार यादी लावली होती ती वाचत उभा राहिलो, त्यात प्रत्येक वाडी, वस्ती, तांडा, गल्ली नावानिशी होती. तेव्हा डोक्यात आलं की आपल्या भागाची एवढी बारीक यादी दुसरीकडं कुठंच नाही, आपण ह्याच हद्दीत फिरायचं. भूम, परंडा, वाशी हे तीन तालुके, धाराशिव जिल्हा, विधानसभा क्रमांक २४३. मधून बालाघाटाची रांग गेलीय. वाशीकडं पडलेला पाऊस मांजरेतून गोदावरीला जातो आणि परंड्याकडचा सीनेतून भीमेला, म्हणजे एकाच मतदारसंघाचं पाणी दोन खोऱ्यांत वाटलं जातंय. बोलणंसुद्धा तसंच वाटलं गेलंय. परंड्याचा माणूस बाजारहाट बार्शीला करतो, बोलतो पण सोलापूरकडच्यासारखं, आणि वाशीच्या पुढं गेलं की लगेच बीडची लकब ऐकू येते.

परंडा किल्ला ह्या मोसमात तीन वेळा झाला. भुईकोट आहे, बाहेर खंदक, आत दुहेरी तट, बुरुजांवर अजून जुन्या तोफा आहेत आणि एका खोलीत तोफगोळ्यांचा ढीग पडलाय. किल्ल्यातली मशीद बघा, खांब सगळे जुन्या देवळाच्या घडणीचे, आणि त्याच किल्ल्यात नरसिंहाचं देऊळ. मलिक-ए-मैदान तोफेचं तर सगळ्यांना माहितीच आहे, १५४९ ला अहमदनगरला ओतली, मुहम्मद बिन हसन रूमी ह्या ओतारीनं, पुढं परंड्यात होती आणि १६३२ ला आदिलशाहीच्या मुरार पंडितानं विजापूरला नेली. तोंड सिंहाचं आणि जबड्यात हत्ती. आज ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. पंचावन्न टनांच्या आसपासचं धूड इथून तिथवर रस्ते नसताना कसं नेलं असेल ह्याचा विचार मी खंदकाच्या कडेला बसून लय वेळ केला.

पण मला ह्या वेळी जे खरं लागलं ते दुसरंच. १६०० ला अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरनं मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं आणि निजामशाहीची राजधानी काही वर्षं परंड्याला होती, हे आपल्या भागातल्या किती पोरांना माहिती आहे? आणि त्याच्या पुढचा प्रसंग, शहाजहानच्या सरदारानं, आझमखानानं, किल्ल्याला वेढा घातला, साल १६३० संपून ३१ लागायचा सुमार, आणि शेवटी वेढा उठवून माघारी गेला, कारण फौजेच्या जनावरांना चारा मिळेना. तो दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. आमच्या घरची जनावरं चारा छावणीत दावणीला होती, मी स्वतः तिथं बाज टाकून झोपलोय, उसाचं वाढं कसं मोजून टाकत होते ते बघितलंय. ज्या रानानं मोगलांची फौज चाऱ्यावाचून परत लावली त्याच रानात आपण राहतो. किल्ल्याची माहिती सांगताना सगळे तोफेपाशी थांबतात, माझं म्हणणं आहे की चाऱ्याची गोष्ट पहिली सांगावी, इथल्या शेतकऱ्याला ती एका वाक्यात कळते. पुतण्याला सांगितली तर तो लगेच म्हणाला, "मग पेंडी केवढ्याला होती तवा?" बरोबर प्रश्न आहे, वहीत लिहून ठेवलाय.

परंड्यातच ख्वाजा बद्रुद्दीन यांच्या दर्ग्यात गेलो होतो. तिथं बसलेल्या चाचांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "कुटलं गाव पाव्हणं, नवस हाय का?" म्हणलं नाही चाचा, बघत फिरतोय, कोण कोण येतं ते लिहितोय. ते म्हणाले, "मग लिव्हा, समदे येत्यात." मी तेवढंच लिहिलं, दुसरं लिहायला काही नव्हतंच, कारण माझ्यासमोरच टोपीवाले, टिळेवाले, हिरव्या चुड्यातल्या बायका एकामागं एक येऊन फुलं वाहून गेल्या.

ह्याच्यावरून वहीत एक बदल केलाय तो सांगतो. आधी रकाने होते गाव, वस्तू, माप, अवस्था, फोटो नंबर. आता एक रकाना वाढवलाय: दिवा कोण लावतं. देऊळ, दर्गा, समाधी, वीरगळ, पार, बारव (पायऱ्यांची विहीर), काहीही असो, तिथं रोज नाहीतर अमावस्येला दिवा, पाणी, झाडलोट कुणाकडं आहे ते विचारायचं. गुरव, जंगम, मुजावर, पुजारी हे तर आलेच, पण चार ठिकाणी असं निघालं की दिवा लावणारी म्हातारी त्या देवाच्या भाविकांतली नाही, समाजातली तर नाहीच, ती नुसती शेजारीण आहे. हा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण त्यासाठी चहा घ्यावा लागतो, बसावं लागतं.

माणकेश्वर, तालुका भूम. इथं दोन अख्खे दिवस दिले, एक रविवार आणि पुढं एक रजा टाकून. विश्वरूपा नदीकाठचं महादेवाचं देऊळ, तलविन्यास ताराकृती, म्हणजे बाहेरची भिंत सरळ न जाता कोन काढत काढत फिरते, त्यामुळं ऊन दर तासाला वेगळ्या शिल्पावर पडतं. शिखर पूर्ण राहिलेलं नाही. सकाळी साडेसातला पूर्वेच्या अंगाच्या सुरसुंदरी, म्हणजे भिंतीवरच्या कोरीव बायका, उजळतात, दहाच्या पुढं फोटो सपाट येतो, मग थेट चारनंतर पश्चिमेचं अंग. खाली पीठावर, म्हणजे देवळाच्या जोत्यावर, बारक्या नाचणाऱ्या-वाजवणाऱ्या आकृत्यांच्या रांगा आहेत, गुडघ्यावर बसून बघाव्या लागतात. एका वादकाच्या बोटांच्या पेरांमधल्या रेघा शाबूत आहेत, आणि तोंड पूर्ण झिजलेलं, मी तिथं अर्धा तास होतो.

देवळाच्या जवळच सटवाई. तिथं कायम गर्दी, पोरांची जावळं काढायला लांबून लोक येतात. मी होतो तेव्हा टेंपो भरून एक कुटुंब आलं, चुलीवर निवद शिजत होता, मामाच्या मांडीवर पोरगं रडत होतं आणि आजी म्हणत होती "रडू दे, सटवाईला आवाज जाऊ दे की." शिल्पं बघायला आलेला त्या दिवशी मी एकटाच, सटवाईला शंभरच्या वर माणूस. त्यातली बरीचशी नंतर महादेवालाही गेली, दिवा झाला, बाहेरून प्रदक्षिणा झाली. माझ्या मते महादेवाच्या देवळाला आजवर जाग राहिली त्यात सटवाईचा वाटा मोठा आहे.

कुंथलगिरी. दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र, कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं मोक्षस्थान, टेकडीवर देवळं, पायऱ्या चांगल्या आहेत. आचार्य शांतिसागर महाराजांनी इथंच सल्लेखना (अन्नपाणी सोडत देह ठेवायचं जैन व्रत) घेतली आणि १८ सप्टेंबर १९५५ ला देह ठेवला. वर गेल्यावर जी शांतता आहे ती मला आपल्या भागात दुसरीकडं नाही मिळाली.

आणि खाली उतरलं की खव्याचा वास. आमच्याकडं भूम-वाशी भागात कोरडवाहू शेतकऱ्याचं घर दुधानं धरलंय आणि दुधाचा खवा होतो. मी भट्टीवर मुद्दाम थांबलो. जाड लोखंडी कढई, खाली सरपणाचा जाळ, म्हशीचं दूध उकळायला लागलं की माणूस लांब दांड्याचं उलथनं घेऊन तळ खरवडत राहतो, हात एक क्षण थांबला तर खाली लागतं आणि सगळा घाणा वासाला जातो. आधी साय आत ओढतात, मग दूध रबडीसारखं होतं, बुडबुडे मोठे आणि जड व्हायला लागतात, आवाज बदलतो, फट् फट् असा, तो आवाज ऐकून ते दादा न बघता जाळ मागं ओढतात. साधारण पाच लिटरला किलोभर. सरमकुंडी फाट्याला हायवेवर जे कुंथलगिरी पेढे आपण खातो त्याच्या मागं हा हात आहे. दादांच्या उजव्या मनगटाला जाड घट्टा पडलाय. स्मारकांच्या वहीत खवाभट्टी कशाला असं एकानं मागं विचारलं होतं, तर माझ्यासाठी ती बसते, यात्रेकरू आले, प्रसादाला पेढा लागला, म्हशी राहिल्या, माणसं गावात राहिली.

डोमगाव सीनेच्या काठी, परंडा तालुका. कल्याणस्वामींची समाधी, समर्थांचे पट्टशिष्य, दासबोध लिहून घेणारे हे. १७१४ ला त्यांनी देह ठेवला. दासबोधाची जुनी हस्तलिखित प्रत ह्या मठाची म्हणून अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. संध्याकाळी पोचलो, दोनच माणसं होती, करुणाष्टकं चालली होती, मी मागं बसून राहिलो, माप वगैरे काही घेतलं नाही.

सोनारीचं घाईत झालं. काळभैरवनाथाचं देऊळ, सगळीकडं माकडं, पुतण्याच्या हातातली केळीची पिशवी गेली. चैत्रातल्या यात्रेला परत जाणारच आहे तेव्हा नीट लिहीन. तेरखेड्याला फटाक्यांचं काम चालतं त्या वस्त्यांवरूनही गेलो, पण ते लोक कामात होते आणि दारूकामाच्या जागी कॅमेरा घेऊन उभं राहणं बरोबर नाही, नुसती नोंद केली.

आता वाईट बातमी. एका गावात (नाव टाकत नाही) मारुतीच्या पाराला लावून तीन वीरगळ होते, मागच्या उन्हाळ्यात मी मापं घेतली होती. ह्या वेळी गेलो तर तिन्हीवर ऑइलपेंट, शेंदरी आणि वर पिवळा. गावच्या पोरांनी मनापासून केलंय, जत्रेच्या आधी स्वच्छ दिसावं म्हणून, रात्रभर जागून. त्यांना बोल लावणार नाही. मोबाईलमधले जुने फोटो दाखवले, खालच्या टप्प्यात गाईगुरं आणि हातात तलवार घेतलेला वीर, मधल्या टप्प्यात त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती पिंडीपुढं बसलेला तोच वीर आणि डोक्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे हा माणूस गावच्या गुरांसाठी मेला, हे सांगितलं तर पोरं गप्प झाली. एकजण म्हणाला, "दादा, आम्हाला वाटलं म्हसोबाच हाय." रंग काढायला घासू नका, काही लावू नका एवढंच सांगून आलो. कुणाला दगडाला धक्का न लावता ऑइलपेंट काढणारे जाणकार माहीत असतील तर कळवा, मी गाडीखर्च देतो.

शेवटचं, आणि ह्यासाठी तुमची मदत पाहिजे. सीनेकाठच्या एका वस्तीवर, बांधावर, बोरीच्या झाडाखाली एक दगड सापडलाय. साडेतीन फूट उंच, वर चंद्र-सूर्य, खाली चार ओळी अक्षरं. दिवसा काहीच दिसत नव्हतं. खडू, पीठ, कोळसा काही लावायचं नाही हे आपलं ठरलेलं आहे, म्हणून अंधार पडू दिला आणि पुतण्यानं टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून डावीकडून तिरका धरला, तसा उजेड खाचांत सांडला आणि पहिली ओळ उभी राहिली. देवनागरीच आहे. "स्वस्ति श्री" इतकं मला नक्की लागतंय, पुढचं "सकु" वाचतोय मी, म्हणजे शक असणार, पण त्याच्या पुढच्या आकड्यांवरून नांगराचा फाळ गेल्यासारखा ओरखडा आहे. पहिला १ आहे, दुसऱ्याला मी एकदा १ म्हणतो एकदा २.

शेतमालकीण मावशी शेजारीच उभ्या होत्या. रकाना भरायचा म्हणून विचारलं, इथं दिवा कोण लावतं मावशी? म्हणाल्या, "मी लावते की. सासूबाई लावायच्या म्हणून. काय लिवलंय त्यात, सांगून जावा." पुढच्या रविवारी उजवीकडून उजेड टाकून परत फोटो घेतोय, तोवर आत्ताचे सहा टाकलेत, ज्यांना यादवकालीन आकडे वाचायची सवय आहे त्यांनी दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीचा भाग मोठा करून बघा.