फी माफ झाली, पण मेसचं काय?

माझी सगळी नोकरी पुण्यातल्या एका कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात, खिडकीच्या आतल्या बाजूला गेली. निवृत्त झाले तरी जून उजाडला की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. 'एका गरजू मुलाची फी भरायची आहे, कोणी असेल तर सांगा.' लोकांचा हेतू चांगला असतो. फीची पावती मिळते, आकडा ठरलेला असतो, हिशेब सुटसुटीत. पण लातूर-बीडकडून किंवा नंदुरबारहून आलेला मुलगा फीपाशी फारसा अडत नाही. तो अडतो कॉटच्या, म्हणजे खोलीत भाड्याने मिळणाऱ्या एका खाटेच्या, डिपॉझिटपाशी आणि मेसच्या महिन्यापाशी.

फीसाठी सरकारी योजना आहेत, आणि बऱ्या आहेत. 2024-25 पासून तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मोठीच गोष्ट आहे ही. पण प्रवेश मिळाला म्हणून पेढे वाटणारी मुलगी सामान घेऊन शहरात उतरते तेव्हा कॉटबेसिसवाल्या काकू डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं रोख मागतात. त्या काकूंना शासन निर्णय दाखवून काय उपयोग? 2018 च्या दुष्काळातही हेच बघितलं. 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्या भागातल्या मुलांची परीक्षा फी माफ झाली. बापाने सोयाबीनच्या भरवशावर पाठवायचे मेसचे पैसे मात्र आलेच नाहीत. परीक्षा फुकट, जेवण उधार.

उपाशी मुलगा खिडकीत येऊन 'मी उपाशी आहे' असं कधी म्हणत नाही. ते आपल्याला वाचावं लागतं. आमच्या कॉलेजजवळ मेस चालवणाऱ्या एक काकू होत्या, त्यांची खाड्याची वही हे माझ्या मते कॉलेजच्या हजेरीपटापेक्षा जास्त खरं दफ्तर होतं. खाडा म्हणजे न जेवलेली वेळ. आधी सांगून टाकला तर पुढच्या महिन्यात वळता होतो. घरी जाणाऱ्या मुलाचे खाडे सलग पडतात, शुक्रवार रात्रीपासून सोमवार दुपारपर्यंत. पैसे संपत आलेल्या मुलाचे खाडे विखुरलेले असतात. मंगळवारी सकाळचा, गुरुवारी सकाळचा, परत शनिवारी. तो मेसचं कार्ड ताणत असतो, तीस दिवसांचं जेवण चाळीस दिवस पुरवत असतो. पुढची पायरी म्हणजे दोन वेळच्याऐवजी एक वेळचं कार्ड. त्याच्याही पुढची म्हणजे एक डबा, दोघांत. डब्यात पोळ्या चारच, पण भात जास्त द्या अशी चिठ्ठी आली की काकू ओळखायच्या.

आणि उपवास! कॉलेजच्या पोरांइतके उपवास मी वारकऱ्यांच्या घरातही बघितले नाहीत. एक मुलगी होती, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. अर्जावर सही करताना हात थरथरत होता म्हणून मी डब्यातली पोळी पुढे केली. 'नको मॅडम, आज चतुर्थी आहे.' माझ्या मागच्या भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं आणि त्यात त्या दिवशी चतुर्थी नव्हती. मी काही बोलले नाही, तिनेही माझ्या मागे बघायचं टाळलं. चहा मात्र घेतला, साखर जास्त घालून.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे नीट कळलेलं होतं, याचं मला नेहमी नवल वाटतं. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होतंच. तरी खेड्यातला मुलगा तिथे शिकू शकत नव्हता, कारण राहायचं आणि जेवायचं कुठे? म्हणून शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जातीजातींची वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी साताऱ्याचं बोर्डिंग 1924 मध्ये सुरू केलं. तिथली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली, तीही वसतिगृहाच्या आणि जेवणाच्या सोयीसाठीच. त्याआधी वार लावून जेवायची पद्धत होती, सात वार सात घरं. त्यात पोट भरायचं, पण कोणाच्या घरी पंक्तीला कुठे बसवलं हे माणूस म्हातारपणापर्यंत विसरायचा नाही. मदत देताना आजही ही आठवण उपयोगी पडते.

आता सरकारी बाजू. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000, असे 60,000 रुपये. आदिवासी मुलांसाठी त्याच धर्तीवर स्वयंम् योजना आहे, आणि नोंदणीकृत मजुरांच्या व अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता. कागदावर ही रचना मला मनापासून आवडते, कारण इथे कोणीतरी जेवण आणि निवास असे वेगळे रकाने पाडले आहेत. निवासाचे 20,000 दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला 2,000 होतात. तेवढ्यात पुण्यात धड कॉट मिळवून दाखवा, हा भाग सोडून देऊ. खरी पंचाईत वेळेची. भूक जुलैत लागते, हप्ता कधी येईल ते सांगता येत नाही.

त्यातून तांत्रिक भानगडी. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. मुलाने इथे आल्यावर नवं खातं उघडलेलं असतं, पण आधार जोडलेलं असतं गावच्या बँकेतल्या, शाळेत असताना काढलेल्या खात्याला, आणि ते व्यवहार नाहीत म्हणून बंद पडलेलं. मुलगा म्हणतो पैसे आले नाहीत, कार्यालय म्हणतं आम्ही सोडले. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर तर मंजुरी येऊनही 'रिडीम'चं बटण न दाबल्यामुळे पैसे अडकलेली मुलं मी बघितली आहेत. म्हणून सांगते, मदत म्हणजे दरवेळी खिशात हात घालणं नव्हे. आधार कुठल्या खात्याला जोडलंय हे एका मुलाला तपासून द्या आणि गरज असेल तर त्याच्याबरोबर बँकेत जाऊन या. अर्धा दिवस जातो, पण वर्षाच्या जेवणाचा प्रश्न सुटू शकतो.

'कमवा आणि शिका'बद्दल लोक भावुक होऊन बोलतात. योजना चांगलीच आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावली, बागेला पाणी घातलं, तासांचे पैसे मिळाले, मान राहिला. पण प्रॅक्टिकल असलेल्या विज्ञानाच्या मुलांना ते तास जुळत नाहीत, आणि त्या पैशात मेस पूर्ण भागत नाही. मग रात्री वॉचमनची ड्युटी किंवा डिलिव्हरी. असा मुलगा पहिल्या तासाला झोपला की प्राध्यापक त्याला उठवून उदाहरण म्हणून उभा करतात. कष्टाचं कौतुक करणाऱ्यांनीच कष्टाने आलेल्या झोपेला हसावं, हे मला कधी पटलं नाही.

आम्ही काही जणांनी जे केलं ते फार मोठं नव्हतं. पगार झाला की थोडे थोडे पैसे काढून आम्ही थेट मेसवाल्या काकूंकडे ठेवायचो. कोणाला द्यायचं ते काकू खाड्याच्या वहीवरून ठरवायच्या, आम्हाला नाव सांगायच्या नाहीत. मुलाला त्या एवढंच म्हणायच्या, 'तुझे मागचे खाडे निघालेत, जेव.' कार्ड सगळ्यांसारखंच, ताट सगळ्यांसारखंच. अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. शिष्यवृत्ती आल्यावर काहींनी स्वतःहून पैसे आणून दिले, काहींनी नाही. विचारायचं नाही असं ठरलंच होतं.

याच्या उलटही बघितलंय. एका संस्थेने किराणा किटं वाटली. मुलं स्टेजवर रांगेत, हातात पिशवी, मागे बॅनर, पुढे फोटोग्राफर. कॉटबेसिसवर राहणाऱ्या मुलाकडे गॅस नसतो, तांदूळ-डाळ शिजवणार कशावर, हे कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी जाहिरात करूनही नावं आली नाहीत, तेव्हा आयोजक म्हणाले, आता मुलांना गरज राहिली नाही!

जेवणाखेरीजही गोष्टी असतात. सॅनिटरी पॅड लेडीज रूमच्या कपाटात ठेवा, कपाटाला कुलूप नको आणि सहीची वही तर नकोच. एसटीच्या विद्यार्थी पासात दोन तृतीयांश सवलत आहे, पण उरलेल्या एक तृतीयांशासाठी जाऊन-येऊन करणाऱ्या मुली महिन्याच्या पहिल्या तारखांना गैरहजर दिसतात. चष्म्याचा नंबर वाढला तरी मुलं वर्ष काढतात. आणि परीक्षा फॉर्मचा विलंब शुल्काचा आकडा फॉर्मच्या फीला कधी मागे टाकतो ते कळतही नाही.

दिवाळीचं मात्र आत्ताच डोक्यात ठेवा. मेस आठ-दहा दिवस बंद असते, वसतिगृहंही रिकामी करायला सांगतात, आणि सगळीच मुलं गावी जात नाहीत. कोणाकडे भाडं नसतं, कोणाला कामावर सुट्टी नसते, एखाद्याला जायला घरच नसतं. तुम्हाला फराळ द्यायचा असेल तर जरूर द्या. पण चिवडा-लाडूवर आठवडा निघत नाही. त्याआधी जवळच्या मेसवाल्यांना भेटा, बंदच्या दिवसांत निदान एक वेळ पोळी-भाजी चालू ठेवायला काय लागेल ते विचारा, आणि पैसे तिथेच देऊन या.