लोखंडी ड्रमचं जाळण्याचं पिंप: सगळा खेळ खालच्या हवेचा

जाळायच्या पिंपातून धुराचे लोट निघत असतील, तर कारणं दोनच असतात. एक, माल ओला आहे. दोन, खालून हवा मिळत नाही. पहिल्यावर उपाय सोपा: पाला, फांद्या खडखडीत वाळू द्या. दुसऱ्याचा विचार मात्र पिंप बनवतानाच करावा लागतो.

२०० लिटरचा साधा पोलादी ड्रम घ्या. झाकण कडीने आवळायचं असतं, तो उघड्या तोंडाचा ड्रम मिळाला तर उत्तमच, कापाकापी वाचते. जस्ताचा मुलामा दिलेला नको, तापल्यावर त्याचा विषारी धूर होतो. आणि आधी त्यात काय होतं हे कळल्याशिवाय ड्रम घेऊच नका. कीटकनाशक, थिनर किंवा अनोळखी रसायन असेल तर तो फुकटही नको.

बंद तोंडाचा ड्रम कापणं हा या कामातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. आत थेंबभर तेल किंवा सॉल्व्हंट राहिलं तरी त्याची वाफ कोंडलेली असते. ग्राइंडरची एक ठिणगी पडली की ड्रम फुटतो. ‘रिकामा आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नका, भरलेल्यापेक्षा रिकाम्यात वाफेला जागा जास्त. दोन्ही बुचं काढा, साबणाच्या पाण्याने दोनतीनदा खळबळून धुवा, मग वरून दोन बोटं सोडून पाण्याने भरा आणि वरचा पत्रा छिन्नी-हातोडीने कापा. वेळ लागतो, पण पाण्याशेजारी विजेचं हत्यार येत नाही. काप वरच्या पत्र्यावर, कडेच्या आतून घ्या. जाड कड तशीच राहिली पाहिजे; तीच कापली तर तापल्यावर तोंड वेडंवाकडं होतं. धार कानशीने मोडा.

पाणी ओतून दिल्यावर भोकं. तळाला १२ मिमीची पाचसहा, पावसाचं पाणी निघून जायला. मग बाजूला, तळापासून ७-८ सेंमीवर, २५ मिमीची आठ भोकं समान अंतरावर. गोल पत्र्यावर ड्रिल घसरतं, म्हणून आधी पंचाने खूण ठोका. आत जळण ठेवायला जी जाळी बसवायची, तिच्या जरा वर आणखी चार भोकं चालतील. वरच्या अर्ध्या भागात एकही नको: तिथून ठिणग्या बाहेर पडतात, पत्रा कमकुवत होतो आणि जळणाला फायदा काहीच नाही.

जाळी तळापासून १५ सेंमीवर बसवा. १२ मिमीच्या चार सळया, एकमेकींपासून १०-१२ सेंमीवर, आरपार घाला आणि दोन्ही बाजूंना चार सेंमी बाहेर ठेवा. त्यांच्यासाठी भोकं १४ मिमीची पाडा. सळया वेल्ड करायचा मोह होतो, तो टाळा. तापली की सळई लांबते. दोन्ही टोकं जखडलेली असतील तर ती वाकते किंवा पत्रा ओढते. सैल असली तर खाली झुकल्यावर अर्धा फेरा फिरवून परत वापरता येते. त्यावर जाड एक्स्पांडेड मेटलचा (पत्रा चिरून, ताणून केलेल्या जाळीचा) तुकडा ठेवा. जाळीच नसेल तर राखेनेच हवेची भोकं बुजतात आणि पिंप धुमसायला लागतं.

पिंप जमिनीला टेकवू नका. तीन-चार विटांवर उभं करा, म्हणजे खालून हवा खेळते आणि तळ लवकर गंजत नाही. इमारत, कुंपण, झाडाच्या फांद्या यांपासून निदान १० मीटर लांब, भोवतालचं सुकं गवत काढलेलं, शेजारी पाण्याची नळी आणि फावडं. तोंडावर ठिणग्या अडवायला ६ मिमीची जाळी हवीच. उघड्यावर जाळायला तुमच्या भागात परवानगी आहे का, हे आधी विचारा. वाऱ्याच्या दिवशी मात्र परवानगी असली तरी पेटवू नका.

पहिला जाळ फक्त सुक्या लाकडाचा, चांगला तासभर. आतलं अस्तर आणि बाहेरचा रंग तेव्हा जळून जातो; धूर अंगावर येणार नाही असे, वारा पाठीवर घेऊन उभे राहा. पेटवायला पेट्रोल कधीही वापरू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, पिंपाच्या तळाशी साठते आणि काडी लावताच भडका तोंडावर येतो. कागद, काटक्या, मग जाड लाकूड. पाला निखारे झाल्यावर थोडाथोडा. ठासून भरलं की हवा कोंडते. प्लास्टिक, रबर, रंगवलेलं किंवा रसायन मुरवलेलं लाकूड, स्प्रेचे डबे यातलं काहीही नको. पीव्हीसीसारख्या प्लास्टिकच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिन ही विषारी द्रव्यं असतात, आणि अशा पिंपातल्या कमी तापमानात डायऑक्सिन नष्ट होत नाही.

राख हवेच्या भोकांपर्यंत चढायच्या आत काढा. वरून गार दिसली तरी पोटात निखारे दुसऱ्या दिवशीपर्यंतही जिवंत असतात, म्हणून झाकणाच्या लोखंडी बादलीतच. पावसाळ्यात पिंपावर पत्रा झाका. ओली राख तळाशी साचून राहिली की तिच्यातले क्षार ओलावा धरतात आणि तळ आतून खातात. स्क्रूड्रायव्हर टोचून पत्रा दबला तर ते पिंप बाद. सळया, जाळी आणि झाकण काढून पुढच्या ड्रमला लावा.