गीझर, डेंग्यू आणि चाळीस सेकंद

गुरुवार, रात्री

ऑटिस्टिक माणसांच्या संसारांवर माहितीपट करतेय, त्यातला नाशिकच्या जोडप्याचा भाग आज पहिल्यांदा सलग पाहिला. अकरा मिनिटांचा झालाय, सरसर पुढे सरकतो, आणि मला अजिबात आवडला नाही.

नवरा ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे. निदान झालं एकेचाळिसाव्या वर्षी, तेही मुलाच्या निमित्ताने. हे मी आता बऱ्याच घरांतून ऐकलंय. मुलाला तज्ज्ञांकडे न्यायचं, तिथली प्रश्नावली भरायला घ्यायची आणि अर्ध्यात पोचल्यावर आईने किंवा बापाने पेन खाली ठेवायचं. यांचं लग्न रीतसर कांदेपोहे करून झालेलं. ‘मुलगा अबोल आहे, पण सरळ आहे,’ असं मध्यस्थीतल्या काकूंनी सांगितलं होतं. ‘दोन्ही खरं निघालं,’ असं बायको म्हणते. हसत म्हणत नाही.

त्याला मी विचारलं होतं, ‘हिच्यावरचं प्रेम तुम्ही कसं दाखवता?’ तो जवळजवळ चाळीस सेकंद गप्प. घड्याळाच्या पट्ट्यावर अंगठा फिरवत, भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बघत. मग म्हणाला, ‘रोज की एकूण?’ मी म्हटलं, एकूण. पुन्हा शांतता.

‘तिची बस सहा वीसला असते. मी पावणेपाचला गीझर लावतो. सोलर आहे, पण पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही.’

शेजारी बसलेली ती लगेच म्हणाली, ‘गीझरचं मान्य. पण मागच्या वर्षी मला डेंग्यू झाला, तेव्हाही गीझर वेळेवर लागला. कसं वाटतंय, हे मात्र चार दिवस कुणी विचारलं नाही.’

तो म्हणाला, ‘थर्मामीटरवर दिसत होतं ना.’

हा सगळा माहितीपट मी ज्यासाठी करतेय ते या एवढ्यात आहे. संकलकाने त्यातल्या दोन्ही शांतता दीड-दीड सेकंदावर आणल्या आणि सांधा झाकायला बायकोचा दुसऱ्याच वेळचा, मान खाली घातलेला शॉट लावला. शब्द एकही बदलला नाही. तरी आता तो माणूस प्रेमाचा प्रश्न विचारला की गीझरचं उत्तर फेकणारा ठोंब्या दिसतो आणि ती बिचारी. प्रभातच्या जुन्या आवारात, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, शिकताना रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्हचा प्रयोग सगळ्यांनी घोकलेला असतो: नटाचा तोच निर्विकार चेहरा, पुढे कधी सुपाचं ताट, कधी शवपेटी, आणि प्रेक्षकाला दर वेळी त्यात वेगळी भावना दिसते. परीक्षेत लिहायला मजा वाटायची. इथे खऱ्या नवऱ्याच्या खऱ्या चेहऱ्याचा प्रश्न आहे.

संकलकाचा दोष म्हणावा तर तोही नाही. तो त्याच्या धंद्याचं व्याकरण पाळतोय. प्रश्नानंतर चेहरा हलला पाहिजे, डोळे ओलावले पाहिजेत, उत्तर वेळेत आलं पाहिजे. हे व्याकरण न्यूरोटिपिकल, म्हणजे ऑटिझम वगैरे नसलेल्या, माणसांनी स्वतःच्या चेहऱ्यांवरून बसवलंय. अमेरिकेत नोआ सॅसन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा 2017 चा एक अभ्यास आहे. ऑटिस्टिक माणसांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या, तर पहिलं मत प्रतिकूल झालं आणि ‘यांच्याशी ओळख करून घ्यायला आवडेल का’ याचं उत्तरही थंड आलं. त्याच बोलण्याचा नुसता लिहिलेला मजकूर वाचायला दिला, तर हा फरक उरला नाही. वाचलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही. म्हणजे आवाज आणि चित्र आलं की पूर्वग्रह आला. आणि माझ्याकडे विकायला दुसरं आहे काय?

शनिवार

ठाण्याचं जोडपं मला सगळ्यात आवडतं, हे पडद्यावर दिसू नये म्हणून मी धडपडतेय. दोघंही ऑटिस्टिक, तिला जोडीला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, चंचलपणा जास्त. 2013 मध्ये मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती येईपर्यंत ही दोन निदानं एकाच माणसाला एकत्र द्यायची सोयच त्या पुस्तिकेत नव्हती. तिला आधी एक मिळालं, कित्येक वर्षांनी दुसरं. हे दोघं भांडतात व्हॉट्सअ‍ॅपवर. ती स्वयंपाकघरात, तो बेडरूममध्ये, मध्ये एक भिंत. ‘तोंडाने भांडलं की मला त्याचा आवाज ऐकू येतो, मुद्दा येत नाही,’ ती म्हणते. त्याच्या आईला हे अभद्र वाटतं. मला तर वाटतं, निम्म्या महाराष्ट्राने करून बघावं.

डेमियन मिल्टन हा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ, स्वतः ऑटिस्टिक. त्याने 2012 मध्ये मांडलं की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. ऑटिस्टिक माणसाला समोरच्याचं कळत नाही तितकंच समोरच्यालाही त्याचं कळत नाही, फक्त नाव एकाचं पडतं. ठाण्याकडे बघून हे पटतं. नाशिकचं मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे त्या बाईने नवऱ्याची भाषा शिकून घेतलीय, गीझर म्हणजे काय हे तिला पक्कं कळतं, आणि तरीही तापात तिला कुणी विचारायला हवं होतं. तिचं हे एकटेपण मी पियानो वाजवून गोड करणार नाही. तशा फिल्मा पुष्कळ आहेत. आणि तिच्या बाजूने त्याच्यावर खटलाही चालवणार नाही. तो खटला तिनेच भरलेला नाही.

खटल्यावरून आठवलं. तिसऱ्या जोडप्याने अंग काढून घेतलं. मुलीचा भाऊ वकील. त्याने हिंदू विवाह कायद्यातलं घटस्फोटाचं मानसिक विकाराचं कलम काढून दाखवलं आणि म्हणाला, हिने कॅमेऱ्यासमोर निदान सांगितलं आणि उद्या बिनसलं तर? ऑटिझम म्हणजे त्या कलमातला विकार नव्हे, यावर मी तासभर वाद घालू शकले असते. घातला नाही. फुटेज पुसून टाकलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत स्वमग्नता आहे, एडीएचडी नाही. लोकांनी कुठला कागद दाखवावा आणि कुठला लपवावा, हे ठरवणं खरंच सोपं नाही.

शूटिंगची पद्धत आता सगळीच बदललीय. प्रश्न चार दिवस आधी लिहून पाठवायचे आणि ऐनवेळी नवा घुसडायचा नाही. प्रेमाचा प्रश्नही त्या यादीत होता. तरी त्याला चाळीस सेकंद लागले, कारण त्याला तो खरा वाटला. क्लॅप तोंडासमोर वाजवायचा नाही. कॉलर माइक शर्टच्या आत नको, टॅगसारखा टोचतो. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट बंद. पन्नास हर्ट्‌झच्या विजेवर त्या सेकंदाला शंभरदा लवलवतात. कॅमेऱ्याचं शटर पन्नासवर ठेवलं की फुटेजमध्ये ते येत नाही, नाशिकवाल्याला मात्र दिसतं. नजर कुठेही असू दे, ‘इकडे बघून बोला’ बंद.

सोमवार

शांतता पूर्ण ठेवून नवा कट नाशिकला पाठवला होता. त्याचं उत्तर मुद्दे घालून आलं. एक, सबटायटलमध्ये सहा वीसचं सहा तीस झालंय. दोन, मागे फ्रिजचा आवाज येतोय. तीन, डेंग्यूचं वाक्य काढू नये, ते बरोबर आहे.

बायकोचा निरोप वेगळा: ‘तो विचार करतोय तेव्हा मी त्याच्याकडे बघतेय, तो माझा शॉट ठेवा. खाली मान घातलेला नको, तेव्हा मी चप्पल शोधत होते.’

आता निर्मात्याला सांगायचंय की बावन्न मिनिटांत बसत नाही, अठ्ठावन्न होतील. तो म्हणणार, चाळीस सेकंदांत लोक चॅनेल बदलतात. बदलू देत. मी बुधवारची वेळ मागितलीय आणि तो भाग जसाच्या तसा दाखवणार आहे, आधी काही न सांगता.