खांदा आखडला नव्हता, पडला होता

फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे पाठवताना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'फ्रोझन शोल्डर (आखडलेला खांदा), शेक आणि व्यायाम' एवढंच लिहिलेलं. बाई शिक्षिका, वय 32. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, फळ्याच्या वरच्या ओळी सुटलेल्या. त्यांना उताणं झोपवून मी हात उचलला, तर तो सरळ कानाला लागला. आखडलेला खांदा दुसऱ्यानं उचलला तरी वर जात नाही. मग हात उचलणारं काहीतरी बंद पडलं असणार.

पाठीमागून पाहिलं. उजवा खांदा दोन बोटं खाली, मान ते खांदा हा भरीव उतार खोलगट झालेला, खांद्याचं पातं कण्यापासून बाहेर सरकलेलं. ही जागा ट्रॅपेझियस या मान-पाठीवरच्या रुंद स्नायूची. कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून छातीच्या बाराव्या मणक्यापर्यंत तो पसरतो आणि कॉलरबोन व पात्याच्या मागच्या उंच कडेला धरतो. हात 180 अंश वर जातो, त्यातले साधारण 60 अंश पात्याच्या फिरण्यातून येतात. वरचे तंतू पात्याचं बाहेरचं टोक वर ओढतात, खालचे तंतू आतलं टोक खाली, आणि सेराटस अँटिरियर हा फासळ्यांवरचा स्नायू खालचा कोपरा पुढे नेतो. यांतला एक जरी गेला तरी पातं नीट फिरत नाही.

"खांदे उचला" म्हटल्यावर त्यांनी थोडा उचललाही. इथेच फसगत होते, कारण शेजारचा लेव्हेटर स्कॅप्युली हा स्नायू तेवढं काम करतो. म्हणून कोपर अंगाशी ठेवून, माझ्या तळव्याविरुद्ध हात बाहेर ढकलायला लावला. पात्याची आतली कड फासळ्यांवरून टचकन उचलली गेली.

"केस जरा बाजूला घ्या." मानेच्या बाजूला, दोन सेंटीमीटरचा व्रण.

"ती गंडमाळेची गाठ तपासायला काढली होती, चार महिने झाले. त्याचा खांद्याशी काय संबंध, मॅडम?"

संबंध सगळा तिथेच होता. ट्रॅपेझियसला चालवणारी, डोक्यातून येणारी अकरावी मज्जातंतू त्या भागात अगदी वरवर, गाठींना लगटून जाते; गाठ काढताना तिलाच इजा झाली असणार. मान वळवणारा स्नायू शाबूत होता, कारण त्याची फांदी आधीच फुटलेली असते.

शेक रद्द केला. हाताचं वजन लोंबकळू नये म्हणून झोळी दिली, बसताना कोपराखाली उशी ठेवायला सांगितलं, डंबेल्स बंद. ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी) आणि नर्व्ह सर्जनसाठी पत्र लिहिलं. इजेला सहा महिने उलटले की मज्जातंतूच्या जोडणीचा निकाल घसरत जातो, म्हणून गाठ काढल्याची तारीख पहिल्याच ओळीत घातली आणि अपॉइंटमेंटचा फोन त्यांच्यासमोरच लावला.